न्यूनगंडाची गाठ कोणाकडे सोडवायची?

मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास होते. मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळतो, आईवडील वस्तीत पेढे वाटतात. पण वर्षभरातच ती मागच्या बाकावर बसू लागते. उत्तर येत असूनही हात वर करत नाही. 'सवलतीवर आलेली' हा टोमणा तिने घरी सांगितलेला नसतो. रोस्टरवर बढती मिळालेल्या आपल्या बांधवांचेही पुष्कळदा असेच होते. लायकी असते, पण 'मला जमणार नाही' हे मनात पक्के बसलेले असते. यालाच न्यूनगंड म्हणतात.

हा त्यांचा दोष नव्हे. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य काळ्या मुलांनीही गोरी बाहुलीच चांगली ठरविली. समाज सतत कमी लेखतो तेव्हा लेकरू स्वतःलाच कमी लेखू लागते. बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव आणि दागिने टाकून देण्यास सांगितले.

घरच्यांचा धीर, विहारातील सोबत यांनी पुष्कळ फरक पडतो. पण झोप उडाली, भूक गेली, कशातच मन लागेना आणि असे दोन आठवडे चालले, तर तज्ज्ञाकडे जावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे निघाले तर एक दिवसही थांबू नये, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

जायचे कोणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, बोलण्यातून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे जरूर विचारावे. समुपदेशक अडचणीत वाट दाखवितो, परंतु समुपदेशक अशी पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारण्यात संकोच नको.

खासगी फी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ वर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते.

पहिल्याच भेटीत काही गोष्टी स्पष्ट कराव्यात : फी किती, किती वेळा यावे लागेल, सांगितलेले गुप्त राहील का? आणि जातीवरून झालेला अपमान मोकळेपणाने सांगून पाहावा. 'आता जात राहिली कुठे? तूच मनावर घेतेस,' असे उत्तर आले तर तो माणूस आपल्या उपयोगाचा नाही. दुसरा शोधावा. एक चप्पल चावली म्हणून कोणी अनवाणी चालत नाही. मात्र चालू औषध डॉक्टरला न विचारता बंद करू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी मानसोपचार हा आपला हक्क ठरविला आहे. त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. उपचारातील माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यातच आहे.

'वेड्यांच्या डॉक्टरकडे गेले' असे लोक म्हणतील, ही भीती सोडा. गंडेदोरे, अंगारा आपण १९५६ साली मागे टाकले. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करता येते, हे तथागतांनी सांगितले. कारण शोधून उपाय करणे हे धम्माला धरूनच आहे.

आज रात्री जेवताना मुलांना गुण किती पडले हे विचारण्याआधी, वर्गात कोणी काही बोलले का, एवढे विचारा. आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

जयभीम!