शिरोरेषेच्या वर आणि खाली

दिवाळी आटोपली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक होतं. आमचं कोंढा भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं. नाटकाच्या आठ-पंधरा दिवस आधी चौकातल्या भिंती, एसटीचा थांबा, पानठेल्याचा पत्रा, सगळीकडे पोस्टरं लागतात. वर नाटकाचं नाव, खाली नटनट्यांचे फोटो, मंडळाचं नाव, गाव, तारीख, तिकिटाचे दर आणि बहुधा वडसा-देसाईगंजच्या कंपनीचा पत्ता. शहरातून आलेला माणूस ही पोस्टरं भडक म्हणून नाक मुरडतो. मला मात्र ती पाहताना नेहमी एकच प्रश्न पडत आला: एका कागदावर एवढा मजकूर कोंबूनही तो जाता जाता सायकलवरून वाचता कसा येतो?

या प्रश्नाच्या मागे लागून मी ग्राफिक डिझाइनच्या शिक्षणाकडे वळलो. माझं स्वतःचं शिक्षण बारावीपर्यंतचं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस एका ट्रेडल छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं यांवर हात बसला. पुढे संगणक आला, केस भंगारात गेल्या, आणि मी जुनी पुस्तकं जमवून वाचत राहिलो. कला महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. पण गेली तीन वर्षं माझी भाची उपयोजित कलेच्या पदवीला आहे. तिच्या वह्या, प्रात्यक्षिकं आणि अभ्यासक्रमाची पुस्तकं माझ्याही हाताखालून गेली. या लेखातलं पुष्कळसं त्यातून आलं आहे.

आपल्याकडे हे शिक्षण कसं सुरू झालं ते थोडक्यात सांगतो. मुंबईची सर ज. जी. कला शाळा 1857 ची. तिथे ‘कमर्शियल आर्ट’चा वेगळा विभाग 1935 साली निघाला. 1961 मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. विदर्भातल्या मुलांना नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय जवळचं. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा, मग प्रवेश परीक्षा आणि चार वर्षांची पदवी, अशी ही वाट. दुसरी वाट पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरची, 1969 पासूनची. जाहिरातीच्या व्यवसायात नाव मिळवलेले र. कृ. जोशी 1983 मध्ये तिथे शिकवायला गेले. देवनागरी अक्षर हा विद्यापीठात शिकायचा आणि संशोधनाचा विषय आहे, हे ज्यांनी करून दाखवलं त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. वाचकांपैकी अनेकांनी त्यांचं अक्षर नाव न कळता वापरलेलं आहे: विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच.

म्हणजे परंपरा आहे, माणसंही होती. तरी वर्गात काय चालतं? भाचीच्या पहिल्या वर्षाच्या वहीत अक्षररचनेची जी आकृती आहे ती रोमन अक्षराची. बसण्याची रेषा, लहान अक्षराची उंची, वर जाणारे दांडे, खाली उतरणाऱ्या शेपट्या. पुढे ओळीत किती अक्षरं असावीत, दोन ओळींत किती अंतर असावं, ठळक आणि तिरपं अक्षर कुठे वापरावं याचे नियम. नियम खोटे नाहीत. ते ज्या लिपीच्या अनुभवातून निघाले, त्या लिपीपुरते खरे आहेत. देवनागरीला शेवटच्या दोन पानांत जागा मिळाली आहे, आणि तिथेही भर सुलेखनावर, म्हणजे एखादा ‘श्री’ किंवा ‘ॐ’ सुंदर काढण्यावर. मजकुराचं अख्खं पान मराठीत लावायचं प्रात्यक्षिक तिला दोन वर्षांत एकदाही आलं नाही. विचारलं तर म्हणाली, “मामाजी, आमच्या वर्गात आधी पान इंग्रजीसारखं दिसलं पाहिजे, वाचता येते का ते मंग पाहू, असं चालते.”

यात अडचण काय, ते समजून घ्यायला अक्षराच्या बांधणीकडे पाहावं लागतं. रोमन अक्षर रेषेवर बसतं. आपलं अक्षर रेषेला टांगलेलं असतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. शिरोरेषेखाली मूळ अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि कधी कधी जोडाक्षराचा दुसरा मजला. एका ओळीत असे तीन थर. खालच्या ओळीत ‘मूर्तींची’ हा शब्द आला तर ‘तीं’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघेही येऊन बसतात, नेमक्या त्याच जागी वरच्या ओळीत ‘वृद्ध’ असला तर त्याचा ऋकार त्यांच्यावर आदळतो.

आमच्या छापखान्यात यावर उपाय होता शिशाच्या पट्टीचा. खिळ्यांच्या दोन ओळींमध्ये ती सरकवायची. शिशाला इंग्रजीत लेड म्हणतात. संगणकावर ओळींमधल्या अंतराला आजही लेडिंग म्हणतात ते यामुळेच. इंग्रजी मजकुराला सोसेल एवढंच अंतर मराठीला दिलं की पान काळंभोर दिसतं आणि डोळा ओळ चुकतो. बरं, नुसतं अंतर वाढवूनही भागत नाही. त्याच पॉइंटात लावलेलं देवनागरी अक्षर इंग्रजीशेजारी बारीक वाटतं, कारण तेवढ्याच उंचीत तिन्ही थर बसवायचे असल्यामुळे मधल्या थराच्या वाट्याला कमी जागा येते. दोन्ही लिप्या एका पानावर असतील तर मराठी थोडी मोठी लावावी लागते. हे मोजून, छापून, पुन्हा मोजून शिकायचं असतं.

मुद्रकांनी या तीन थरांशी दीडशे-पावणेदोनशे वर्षं झुंज दिली. इंग्रजीला दोन केस पुरत, मराठीच्या जुळाऱ्यापुढे चार उभ्या असत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणायची खटपट केली. तिथेच काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला आणि त्यांच्याकडच्या राणोजी रावजी आरू यांनी कोरलेली अक्षरं देशभर नावाजली. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, जुन्या पुस्तकांत ‘अि’, ‘अु’ पाहून आजचा वाचक दचकतो, पण तिच्यामागे खिळे कमी करण्याची मुद्रकाची गरजही होती. हा सगळा इतिहास शासकीय मुद्रणालयाचे संचालक राहिलेल्या बापूराव नाईकांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथाच्या तीन खंडांत मांडला. भाषा संचालनालयाने तो 1971 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या अक्षरावरचा एवढा मोठा ग्रंथ इंग्रजीत आहे, ही गोष्ट मला पहिल्यापासून खटकते; पण निदान तो आहे.

रोमनच्या सवयीने देवनागरी पान लावलं की आणखी काय होतं? इंग्रजी पोस्टरात मोठी लिपी घेऊन अक्षरं ऐसपैस पसरवतात, ते डौलदार दिसतं. तीच युक्ती मराठीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं होतात. आपल्याकडे मोठी-लहान लिपी असा भेद नाही, त्यामुळे मथळा आणि मजकूर यांतला फरक आकार, वजन आणि मोकळी जागा यांवरच तोलावा लागतो. तिरपं अक्षर संगणक वाकवून देतो, पण आपल्या बोरूचा काप मुळात रोमन लेखणीच्या उलट बाजूचा. वाकवलेलं देवनागरी अक्षर वाऱ्याने कललेल्या खांबासारखं दिसतं. आणि आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एक शब्द आहे. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करायला गेलं की शब्दांमध्ये पांढरी भगदाडं पडतात. वर्तमानपत्रात ती रोज दिसतात, आपण सरावलो आहोत इतकंच.

संगणकाने एक नवा गुंता दिला. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे आहेत; शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयानेही तेच प्रमाण मानले. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण समोर येतं हिंदीचं. मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगितलं तरच आपलं रूप उघडतं. चार वर्षं संगणकावर काम करून पदवी घेणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असतं? ‘ऱ्य’ची गोष्ट तर अर्थापर्यंत जाते. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. रफाराच्या जागी चंद्रकोरीसारखा ‘र’ टाकायला विसरलं की हिशेब फिरतो.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते आमच्या तालुक्याचं आहे. पवनीला 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडीचं उत्खनन केलं. तिथे बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या दगडांवर ब्राह्मी लेख मिळाले. त्या अक्षरांना शिरोरेषा नाही. पुढे वाकाटकांच्या काळात विदर्भातल्या ताम्रपटांवर जी लिपी आली तिच्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकट आहे. अभ्यासक तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेल्या वाकाटक लेखसंग्रहात तिचे ठसे पाहायला मिळतात. तांब्याच्या पत्र्यावर ओळी समांतर ठेवून, डोक्यावरच्या चौकटी एका पातळीत राखून राजाज्ञा कोरायची, म्हणजे ती मांडणीच झाली. भाचीच्या पाठ्यपुस्तकात रोमच्या ट्राजन स्तंभावरच्या अक्षरांना आख्खं प्रकरण आहे. असावंच. पण पवनीचा दगड आणि ताम्रपटांवरची पेटिकाशीर्षक अक्षरं इथल्या मुलीला घरच्या वाटेवर पाहायला मिळण्यासारखी असताना पुस्तकात त्यांची एक ओळही नसावी?

आता पोस्टरांकडे येतो. जमवलेली पोस्टरं जमिनीवर पसरून आम्ही मामा-भाचीने पट्टीने मोजली, तेव्हा बऱ्याच गोष्टी उलगडल्या. नाटकाच्या नावाची शिरोरेषा खालच्या दांड्यांहून जाड ठेवलेली असते. घराच्या आढ्यासारखी ती सगळं नाव तोलून धरते आणि लांबून आधी तीच दिसते. वेलांटी आणि मात्रा ठरावीक उंचीत न कोंबता मोकळ्या सोडलेल्या असतात; कधी एकच वेलांटी सगळ्या नावावर कमान धरते, तर उकार खालच्या फोटोंच्या मधल्या फटीत उतरतो. वरखालचे थर ही जी शहरी मांडणीकाराची डोकेदुखी, तीच इथे सजावट झाली आहे. मुंबईत कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना जे अक्षररूप दिलं त्याचा वचक इथवर पोचलेला दिसतो, पण नक्कल म्हणावी असं काही नाही. तारीख आणि गाव कायम एकाच पट्टीत, कारण ज्याने नाटक ठरवलंय त्याला तेवढंच हवं असतं. तिकिटाचे दर सर्वांत खाली, जवळ आल्यावर वाचायला. सगळं गुण गावं असंही नाही. गेल्या काही वर्षांत तयार साच्यांवर केलेली पोस्टरं वाढली आहेत, त्यांत शिरोरेषा तुटते, ‘ल’ हिंदी येतो आणि नाव चमकदार सावलीत बुडतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी भाचीने हाच विषय मांडला, तेव्हा तिला सांगण्यात आलं की नोकरीला इंग्रजी काम दाखवावं लागेल, मराठी पोस्टरं कोण पाहणार. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता; फी भरणाऱ्या बापाला नोकरीच कळते. तरी तो सल्ला जुना झाला आहे असं माझं मत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे मुक्त, बालू, मोदक हे फॉन्ट आज कोणालाही फुकट मिळतात आणि दुकानांच्या पाट्यांपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत वापरले जातात. देवनागरी जाणणाऱ्या मांडणीकाराला काम आहे. मला विचाराल तर पहिल्याच वर्षी प्रत्येक मुलाकडून एसटीचं वेळापत्रक, रेशन दुकानाची सूचना आणि सातबाऱ्याचा उतारा मराठीत नव्याने लावून घ्यावा, आणि तो गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून वाचवून घ्यावा.

तिने विषय बदलला नाही. पंधरा पोस्टरांच्या मोजमापावरून ती देवनागरी मजकुरासाठी पानाची आखणी करते आहे: शिरोरेषेची एक रेष, मात्रांची मर्यादा वर, उकारांची खाली, आणि त्यावरून ठरणारं ओळीचं अंतर. आखणीवर नमुन्याचा मजकूर म्हणून इंग्रजीत निरर्थक लॅटिन वाक्यं टाकायची पद्धत आहे. तिने मुद्दाम वेलांट्या, रफार आणि उकार जास्तीत जास्त येतील असा मराठी उतारा लिहून घेतला, माझ्याकडूनच. प्रकल्प तपासायला बाहेरून येणारे परीक्षक मराठी वाचणारे असतील की नाही, हे अजून कळलेलं नाही. म्हणून तिने प्रत्येक पानाच्या मागे पेन्सिलने सगळी मापं लिहून ठेवली आहेत.