सुरतेहून सापुताऱ्यास : सायकलच्या वेगाने

आपली सुरत समुद्रसपाटीपासून जेमतेम १३ मीटर उंच आहे. तापीच्या गाळाने घडविलेल्या या सपाट भूमीवर आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. उड्डाणपुलाचा चढ हाच काय तो आमच्या मुलांना ठाऊक असलेला घाट! सह्याद्रीचे नाव ती पुस्तकात वाचतात, आणि सुटीत आजोळी जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्याची निळसर कड पाहतात. वस्तुतः हा पर्वत आपल्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर सापुताऱ्याच्या रूपाने उभा आहे. तेथवर मोटारीने चार तासांत जाता येते; परंतु चार तासांत पोहोचणे निराळे आणि वाट पाहत, समजून घेत जाणे निराळे. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या आम्ही चौघा मित्रांनी ही वाट तीन दिवसांत, सायकलवरून आक्रमिली.

यासाठी निवडलेली सायकल मात्र आपल्या ओळखीची काळी, उंच दांड्याची सायकल नव्हे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात काही हौशी तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली तामलपायस पर्वताच्या कच्च्या वाटांवरून दामटू लागले. त्या मित्रमंडळींच्या खटपटीतून आजची 'माउंटन बाइक' जन्मास आली, आणि १९९६ साली अटलांटा येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. रुंद, खाचांचे टायर निसटत्या मातीवर पकड घेतात. पुढचा चिमटा स्प्रिंगमुळे धक्के सोसतो. आणि हलक्या गिअरवर पायटा भराभर फिरतो, सायकल मात्र मुंगीच्या पावलाने चढत राहते. चढावर गिअर बळ देत नाहीत. असलेले बळ पुरवून वापरावयास शिकवितात.

आपल्याकडेही या वेडाची परंपरा आहे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. सापुताऱ्यापलीकडच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकलशर्यत जोडीने पूर्ण केली. त्यांच्या पुढे आमचे तीन दिवस म्हणजे अंगणातली फेरी!

पहिल्या दिवशी बारडोलीपर्यंत उसाच्या शेतांतून सपाट रस्ता. १९२८च्या सत्याग्रहाने वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी दिली ती हीच भूमी. सायंकाळी उनाईस मुक्काम. तेथील उन्हाळ्याच्या कुंडांची कीर्ती मोठी. दुखऱ्या पोटऱ्यांना ऊन पाण्याचे महत्त्व पटवावे लागत नाही. येथूनच बिलीमोऱ्याहून वघईस जाणारी छोटी रेल्वे दिसते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत डांगच्या सागवानासाठी घातलेला हा सुमारे ६३ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग.

दुसरा दिवस मुद्दामच थोडक्या अंतराचा ठेवला होता. वघईजवळ अंबिका नदीवरील गिरा धबधबा पाहिला. मार्गशीर्षात त्याचा पावसाळी गडगडाट ओसरलेला असतो आणि काळा कातळ उघडा पडतो. तोच बेसॉल्ट, ज्यातून आपले गडकोट उभे राहिले. तेथून सागाच्या वनातील मातीच्या वाटांवर सायकली घातल्या. पाचोळ्याखाली दगड दडलेले असतात. तेथे नजर चाकावर नव्हे, दहा-बारा हात पुढे ठेवावी लागते. शाळेत इतकी वर्षे मुलांना सांगितलेले 'दूरदृष्टी' या शब्दाचे स्पष्टीकरण त्या वाटेने अधिक नेमके करून दिले.

तिसऱ्या दिवशी घाट. वघई ते सापुतारा सुमारे ५० किलोमीटर, आणि अखेरची उंची सुमारे १००० मीटर. येथे आम्ही एक नियम पाळला : सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे. आमच्यातील निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा गुडघा कुरकुरत होता. तेव्हा चौघांचा वेग त्यांच्या गुडघ्याने ठरविला. कोणी मागे पडले नाही की कोणाला ओशाळे वाटले नाही. घरसंसारातही हा नियम अवलंबून पाहण्याजोगा आहे.

पण या वाटेने दिलेली खरी शिकवण निराळीच. १९६० साली राज्ये विभागली गेली तेव्हा डांग कोणाचा, यावर मोठा वाद झाला व अखेर तो गुजरातेत राहिला. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात डांगी बोलीला खानदेशीच्या पंगतीत बसविले होते. आम्ही सीमा शोधीत निघालो आणि ती सापडेना! पाट्या गुजराती होत्या; परंतु कुडाच्या भिंती, कौलारू छपरे, वाघदेवाचे कोरीव खांब हे सारे अलीकडे तसेच पलीकडे. आपण नाचणी म्हणतो तिला डांगात नागली म्हणतात, आणि नाशिककडेही नागलीच. चढावरील एका टपरीवर चहा देणाऱ्या बाईंनी आमची विचारपूस केली. पुढे दोन वळणे गेल्यावर वाद पेटला : त्या मराठीत बोलल्या की गुजरातीत? दोघे एका पक्षाचे, दोघे दुसऱ्या. निकाल लागला नाही, कारण चौघांनाही त्यांचे बोलणे पूर्ण समजले होते.

सापुताऱ्याहून थोड्याच अंतरावर महाराष्ट्रातील हातगड दिसतो. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराज बागलाणातून गेले आणि वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी त्यांची लढाई झाली. चैत्रात गुजरातेतील भाविक पायी सप्तशृंगीस जातात. सैन्ये गेली, यात्रेकरू जात आहेत. पर्वताने कोणालाच 'तू कुठला?' असे विचारलेले नाही. आपल्या मुलांना मात्र हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जातो. सुरतेत ती 'मराठी', आजोळी 'गुजरातवाली'! त्यांना एकदा या वाटेने हळूहळू न्यावे. आपली दोन घरे दोन ध्रुवांवर नसून एकाच उताराच्या दोन टोकांस आहेत, हे त्यांना आपोआप उमजेल.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात घाट निसरडा व धुक्याचा. पंप, जादा ट्यूब आणि शिरस्त्राण यांवाचून निघू नये. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत, ते तापतात. थोडे थोडे, दोन्ही वापरावेत, आणि केवळ पुढचा एकदम कधीही दाबू नये. अंधारात घाटात राहू नये. २ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे याच परिसरात यात्रेकरूंची बस दरीत कोसळून पाच जणांचे प्राण गेले, हे विसरता येत नाही. मोठ्या गाडीला आधी वाट द्यावी; आपल्याला कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नसते, हेच तर सायकलचे ऐश्वर्य.

आणि सोबत मित्र असावेत. चढावर फार बोलता येत नाही. पण मागून येणाऱ्या साखळीचा संथ आवाज कानी पडत राहिला की माणूस एकट्याने चढला नसता इतके चढून जातो.