एका पानाचा अहवाल आणि रात्रभराची नोंद

वाचकहो, घोरण्याकडे दुर्लक्ष करू नका, असे या सदरातून मी आपल्याला अनेकदा सांगितले आहे. आज थोडे ओशाळून लिहितो आहे, कारण स्वतःच्या घोरण्याकडे मी आठ वर्षे दुर्लक्ष केले. ‘अहो, पहाटे तुमचा श्वास थांबतो. मी हलवते तेव्हा कुठे सुरू होतो,’ असे सौ. सांगे आणि मी ते हसण्यावारी नेई. दुपारी दवाखान्यात डुलकी लागे, तिचा दोष मी उन्हाला देई.

अखेर चिरंजीवांच्या आग्रहाखातर मोठ्या शहरात जाऊन एक रात्र झोपेची तपासणी करून घेतली. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना तारा चिकटवल्या, नाकाशी बारीक नळी लावली, छातीला व पोटाला एकेक पट्टा बांधला आणि बोटाला रक्तातील प्राणवायू मोजणारा चिमटा लावला. अशा थाटात झोप कशी लागणार असे वाटले होते, पण लागली. आठवड्याने एका पानाचा अहवाल हाती आला. श्वासातील व्यत्यय तासाला ११, स्लीप ॲप्निया सौम्य, वजन कमी करावे.

‘सौम्य’ हा शब्द वाचून मी निश्चिंत झालो. तासाला ५ ते १५ व्यत्यय म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र, हे कोष्टक मलाही पाठ आहे. सौ.ने चष्मा लावून कागद वाचला आणि विचारले, ‘यात पहाटेचं काय लिहिलंय?’ त्यात पहाटेचे काहीच नव्हते.

पुढे दोन महिन्यांनी एका गुरुवारी, बाजाराच्या गावचा दवाखाना आटोपून परतताना, भर चार वाजता गाडी चालवता चालवता माझा डोळा लागला. गाडी डांबरी सोडून बाभळींकडे निघाली. सौ. शेजारी होती. तिने ओरडून स्टिअरिंग ओढले म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे. त्या रात्री ठरवले की कागदावरची सरासरी पुरे झाली, आता आपली मूळ नोंद पाहायची.

मूळ नोंद म्हणजे काय, ते सांगतो. पूर्वी झोपेची तपासणी कागदावर होई. सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने कागद सरके आणि त्यावर लेखण्या मेंदूच्या लहरी काढीत. आठ तासांच्या झोपेला जवळजवळ तीनशे मीटर कागद लागे! तीस सेंटिमीटरच्या एका पानात तीस सेकंद मावत. आज कागद गेला, तरी झोपेचे टप्पे ठरवताना तीस सेकंदांचा एकेक तुकडाच पाहतात. आता सगळे संगणकात साठते. १९९२ साली युरोपातील संशोधकांनी अशा नोंदींसाठी ‘ईडीएफ’ नावाची एक सामाईक पद्धत प्रसिद्ध केली. एका यंत्रावरची नोंद दुसरीकडे वाचता यावी, हा तिचा हेतू. त्या पद्धतीची फाईल मिळाली की ती उघडून पाहण्याचे प्रोग्राम फुकट मिळतात.

मी लेखी अर्ज केला. तिथल्या तंत्रज्ञाला आश्चर्य वाटले. ‘डॉक्टर, हे कुणीच मागत नाही. रिपोर्ट दिलाय ना?’ दोन फोन आणि एक खेप झाल्यावर ती रात्र पेन ड्राइव्हवर मिळाली. चिरंजीवांनी लॅपटॉपवर ‘ईडीएफब्राउझर’ नावाचा प्रोग्राम घातला आणि आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी बसलो.

रात्रीचा पूर्वार्ध बऱ्यापैकी शांत होता. पहाटे चारनंतर मात्र चित्र पालटले. डोळ्यांच्या रेषा भराभर उड्या मारू लागल्या आणि हनुवटीची रेषा सपाट झाली. ही स्वप्नांची झोप. तिच्यात शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, घशाचेही. ती रात्रीच्या उत्तरार्धात अधिक येते, म्हणूनच सौ.ची तक्रार पहाटेची होती. नाकाच्या नळीची रेषा सपाट झालेली, म्हणजे हवा आत-बाहेर होत नव्हती. परंतु छातीचा पट्टा वर जाई तेव्हा पोटाचा खाली, अशी ओढाताण चालूच होती. घसा मिटलेला आणि शरीर श्वासासाठी झगडते आहे, याची ती खूण. सर्वांत लांब व्यत्यय ५२ सेकंदांचा होता. प्राणवायू ९४ वरून ७६ वर आलेला.

मग हिशेब केला. झोप सहा तास दहा मिनिटे, एकूण व्यत्यय ६८, म्हणून सरासरी ११. पण त्यातले ४५ व्यत्यय स्वप्नांच्या झोपेच्या सत्तर मिनिटांत होते. म्हणजे तेवढ्या वेळात तासाला जवळजवळ ३९! उरलेल्या पाच तासांत तासाला पाचसुद्धा नाहीत. आकडा खोटा नव्हता, पण त्या सरासरीत माझी पहाट बुडून गेली होती. अनेक ठिकाणच्या सविस्तर अहवालात ही फोड दिलेली असते. माझ्या एका पानात ती नव्हती आणि मीही मागितली नव्हती.

आणखी एक गोष्ट. अर्धवट अडलेला श्वास मोजण्याचे दोन नियम प्रचलित आहेत. एकात प्राणवायू ३ टक्क्यांनी उतरला किंवा झोप चाळवली तरी व्यत्यय धरतात, दुसऱ्यात ४ टक्के उतरावाच लागतो. एकाच रात्रीचे दोन आकडे निघू शकतात. आपला अहवाल कोणत्या नियमाने केला आहे, हे जरूर विचारावे.

मात्र नोंद हाती आली म्हणून घरीच निदान करू नका. बोटाचा चिमटा सरकला की प्राणवायू एकदम कोसळल्यासारखा दिसतो आणि कूस बदलली की पट्ट्यांच्या रेषा वेड्यावाकड्या होतात. मी इतकी वर्षे व्यवसाय करतो, तरी मेंदूच्या लहरींपुढे अडाणीच. म्हणून शंकेच्या वेळा वहीत टिपल्या आणि निद्राविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी त्याच वेळा पडद्यावर काढल्या, पाचेक जागी माझी चूक दाखवली, आणि पहाटेचा भाग पाहून रात्री दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लावायला सांगितले. गाडी चालवणे तूर्त बंद, हेही बजावले.

आता मागायचे कसे? १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला त्याच्या कागदपत्रांच्या प्रती मिळाल्याच पाहिजेत, असे सांगितले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत देण्याची तरतूद आहे. त्यात संगणकातील मूळ नोंदीचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून तपासणीला जाण्यापूर्वीच विचारून ठेवणे बरे. अर्जात तारीख, नाव, ‘सविस्तर अहवाल व संपूर्ण मूळ नोंद ईडीएफ स्वरूपात’ एवढे लिहावे, आणि रिकामा पेन ड्राइव्ह बरोबर न्यावा. फार दिवस लावू नका. तीन वर्षे कागद जपण्याचे त्या नियमांतील बंधन आंतररुग्णांपुरते आहे, आणि जागा अडते म्हणून जुन्या फायली पुसल्या जाऊ शकतात.

यंत्र लावून चार महिने झाले. सुरुवातीला मुखवटा नकोसा वाटे, नाक कोरडे पडे. आता दुपारची डुलकी गेली आहे. गुरुवारी अजून एसटीनेच जातो. परवा सौ.ने पुन्हा ती फाईल उघडायला लावली, पहाटे चार वाजून वीस मिनिटांची. त्या ५२ सेकंदांच्या शेवटी सगळ्या रेषा एकदम उसळलेल्या होत्या. बोट ठेवून म्हणाली, ‘तिथे रुग्णालयात हलवायला कोण होतं?’ कुणीच नव्हते. प्राणवायू उतरला की मेंदू स्वतःच दचकून जागा होतो, असे मी तिला सांगितले. तिने मान हलवली, पण तिची खात्री पटलेली दिसली नाही.