नकाशा चुकला, त्यात सूर्याचा हात किती?

परवा आमच्या गटाची पापडांची ऑर्डर घेऊन निघालेला टेम्पोवाला दादा शीळफाट्याच्या पुलाखाली तीनदा फिरला. मोबाइलवरचा निळा ठिपका कधी कल्याणच्या रस्त्यावर, तर कधी पनवेलच्या. बैठकीत एक ताई म्हणाली, "सूर्यावर वादळ झालंय म्हणे." सगळ्या हसल्या. त्या दिवशीचा दोष पुलाचाच होता. वर सिमेंटचं छत आलं की उपग्रहाचा संदेश नीट पोहोचत नाही. पण ताईचं म्हणणं अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत वेळ सांगत असतात. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. निदान चार उपग्रह मिळाले की जागा ठरते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं.

वाटेत या संदेशाला हवेचा एक विद्युतभारित थर ओलांडावा लागतो. त्याला आयनांबर म्हणतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला की भारित कणांचा लोंढा एक ते तीन दिवसांत आपल्यापाशी येतो. पृथ्वी स्वतःच एक मोठा लोहचुंबक आहे. ती बराचसा लोंढा अडवते, पण काही कण ध्रुवांकडे वळतात. तिथे आकाशात हिरवा, लाल उजेड दिसतो, आणि पिठलं ढवळायचं राहिलं की गुठळ्या होतात तसं तिथलं आयनांबर होतं. संदेश कुठे रेंगाळतो, कुठे लुकलुकतो, कधी तुटतोच.

आपण ध्रुवांपासून लांब, म्हणून सुटलो असंही नाही. विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर हा थर वादळाशिवायही खवळतो.

याचा अभ्यास आपल्या शेजारीच चालतो. शीळफाट्याहून तळोजामार्गे गेलं की नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती तळांवरही नोंदी घेतात. हे काम जुनं आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये फार मोठं सौरवादळ आलं, तेव्हा मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूचीची हालचाल माणसांनी डोळ्यांनी पाहून हाताने लिहिली. जगभरचे अभ्यासक आजही त्या नोंदी काढून बघतात. पुढे विजेच्या ट्राममुळे मोजमाप बिघडेल म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलवलं. (आमच्या गटाची सहल तिथे समुद्रावर दोनदा गेली, पण हे ठाऊकच नव्हतं!)

मे २०२४ मध्ये पुन्हा मोठं वादळ आलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल उजेड दिसला. अमेरिकेत उपग्रहाच्या आधाराने सरळ तास धरणारे ट्रॅक्टर गोंधळले आणि ऐन पेरणीत काही शेतकऱ्यांना थांबावं लागलं.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण आता बचत गटांच्या बायका फवारणीचे ड्रोन उडवू लागल्यात, आणि ड्रोनही याच संदेशांवर जागा धरून राहतो. म्हणून उडवण्याआधी पडद्यावर पुरेसे उपग्रह दिसतात का ते बघा. ठिपका जागेवर ठरत नसेल तर त्या वेळी उडवू नका. फवारणी उद्या करता येईल, पण शेजारच्याच्या पिकावर पडलेलं औषध परत घेता येत नाही. आणि टेम्पोवाल्या दादाच्या चिठ्ठीवर आता आम्ही देवळाची खूण लिहून देतो.