पॉवेल, मायकेल व प्रेसबर्गर, एमेरिक

(पॉवेल : ३० सप्टेंबर १९०५–१९ फेब्रुवारी १९९०, प्रेसबर्गर : ५ डिसेंबर १९०२–५ फेब्रुवारी १९८८). प्रसिद्ध ब्रिटिश चित्रपटनिर्माते. पॉवेलचा जन्म केंट परगण्यात, तर प्रेसबर्गरचा हंगेरीतील मिश्कोल्त्स येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिन येथील ‘ऊफा’ या चित्रसंस्थेसाठी पटकथा लिहिणाऱ्या प्रेसबर्गरला नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावा लागला. पॅरिसमार्गे तो १९३५ मध्ये लंडनला आला. निर्माता अलेक्झांडर कोर्डा याने ‘द स्पाय इन ब्लॅक’ (१९३९) या चित्रपटासाठी दोघांना एकत्र आणले.

पुढे त्यांनी ‘दि आर्चर्स’ ही संस्था काढली. लेखन, निर्मिती व दिग्दर्शन या तिन्हींचे श्रेय दोघांच्या नावे संयुक्तपणे देण्याची त्यांची प्रथा चित्रपटव्यवसायात असाधारण होती. प्रत्यक्षात कथा-पटकथेचा भार मुख्यत्वे प्रेसबर्गरवर, तर चित्रीकरणाचा पॉवेलवर असे. ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’ (१९४३) मध्ये एका जर्मन अधिकाऱ्याचे सहानुभूतिपूर्ण चित्रण होते. ऐन युद्धकाळातील या चित्रपटाला पंतप्रधान चर्चिल यांनी विरोध केला. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ (१९४६) मध्ये भूलोक रंगीत व परलोक रंगहीन दाखविला आहे. ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) ची कथा हिमालयातील एका मठात घडते. तथापि त्याचे चित्रीकरण मुख्यतः लंडननजीकच्या पाइनवुड स्टुडिओत, रंगविलेल्या पार्श्वपटांच्या साहाय्याने झाले. म्हैसूरकडील साबू याने त्यात भूमिका केली. छायालेखक जॅक कार्डिफ यास या चित्रपटाबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले. बॅलेच्या जगावरील ‘द रेड शूज’ (१९४८) हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट होय.

१९५७ नंतर ही भागीदारी थांबली. पॉवेलच्या ‘पीपिंग टॉम’ (१९६०) वर समीक्षकांनी कठोर टीका केली व त्याची कारकीर्द खुंटली. वास्तववादाचा पुरस्कार करणाऱ्या समीक्षेला या जोडीची कल्पकता अतिरेकी वाटे. ‘कर्नल ब्लिंप’ सारख्या १६३ मिनिटांच्या चित्रपटाच्या काटछाट केलेल्या प्रतीच दीर्घकाळ प्रचारात राहिल्या. १९७० नंतरच्या दशकात लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरने भरविलेली चित्रपटमालिका आणि अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी याचा पुढाकार यांमुळे त्यांचे पुनर्मूल्यमापन झाले.

चित्रपटाचे अस्तित्व त्याच्या सुस्थितीतील प्रतीवर व प्रदर्शनावर अवलंबून असते, हे यावरून दिसते. त्या काळातील टेक्निकलर पद्धतीत प्रकाशाचे विभाजन करून तीन स्वतंत्र कृष्णधवल फितींवर मुद्रण होई. कालांतराने या फिती कमीअधिक आकसतात व रंगरेषा जुळेनाशा होतात. ‘द रेड शूज’ च्या मूळ फितींना बुरशीही लागली होती. संगणकाच्या साहाय्याने पुनरुद्धार झालेला हा चित्रपट २००९ मध्ये कान महोत्सवात दाखविण्यात आला.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या काळात ब्रिटनभरच्या चित्रपटगृहांतून या जोडीच्या चित्रपटांची मालिका सादर केली. ‘द रेड शूज’ वरील प्रदर्शन हाही या उपक्रमाचा भाग होता. एकेकाळी उपेक्षिलेल्या या कलाकृती त्यायोगे राजधानीबाहेरच्या प्रेक्षकांनाही, ज्यासाठी त्या निर्मिल्या गेल्या त्या मोठ्या पडद्यावर, पाहावयास मिळाल्या.