कमोडचा तळ आणि खालच्या घराचे छत

मुंबई-पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये वरच्या घरातील शौचालयातून झिरपणारे पाणी हे शेजाऱ्यांमधील वादाचे नेहमीचे कारण असते. संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतील अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करावयाची असते. अशा वेळी कमोडच्या कडेने पुन्हा पांढरे सिमेंट भरले जाते आणि काम झाले, असे मानले जाते.

प्रत्यक्षात या कडेचे कार्य मर्यादित आहे. मैला वाहून नेणारा सांधा कमोडच्या तळाखाली, काही प्रकारांत मागे भिंतीजवळ असतो. आपल्याकडे तो बहुधा रबरी गॅस्केटने, तर अमेरिकेत मेणाच्या कड्याने बंद केला जातो. तळाभोवतीचा थर केवळ स्नानाचे व लादी धुण्याचे पाणी आत शिरू देत नाही. तळाखालचा सांधा निकामी झाला असताना बाहेरची कड बुजवली, तर पाणी दिसेनासे होते, थांबत नाही. ते लादीखालच्या विटांच्या भरावात साठते आणि काही काळाने खालच्या छतावर ओल उमटते.

पांढरे सिमेंट लवचीक नसते; कमोड किंचित हलला तरी ते तडकते. म्हणून आधी बोल्ट बेताने आवळून कमोड स्थिर करावा (अति आवळल्यास चिनी माती फुटते), जुना थर खरवडून जागा पूर्ण कोरडी करावी व बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट भरावे. साधारण २४ तास तेथे पाणी लागू देऊ नये. मागील बाजूस बोटभर जागा मोकळी ठेवणे हिताचे. तळाखालचा सांधा पुन्हा गळू लागल्यास पाणी प्रथम आपल्याच घरात दिसते.