काटा थांबेना, बाळ बसेना

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. चांगदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. हातात सापाचा चाबूक घेऊन, वाघावर बसून ते ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले आणि समोरून ज्ञानेश्वर आले ते चक्क भिंतीवर बसून! कधीच न हलणारी भिंत हलली, म्हणून चांगदेव थक्क झाले. पण मला विचाराल तर याच्या उलटं काम जास्त अवघड आहे. दीड वर्षाच्या बाळाला अर्धा मिनिट न हलता बसवून दाखवा पाहू.

हा चमत्कार करायची वेळ अंगणवाडीतल्या ताईंवर दर महिन्याला येते. पुणतांब्यात, शेजारच्या गावात, राज्यभर, सगळीकडे. आपल्या देशात अंगणवाड्यांची योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ रोजी, आणि तेव्हापासून आजवर किती बाळांनी किती ताईंना घाम फोडला असेल, याचा हिशोब कोण ठेवणार!

चला, आपणही एखाद्या अंगणवाडीच्या दारात उभे राहू. आज वजनाचा दिवस. छताच्या हुकाला एक गोल काटा टांगलाय, घड्याळासारखा दिसणारा. त्याला म्हणतात सॉल्टर काटा. त्याच्यावर २५ किलोपर्यंतचे आकडे आणि खाली अडकवलेली कापडी चड्डी. बाळाचे पाय चड्डीत घालायचे, पट्टे हुकात अडकवायचे, की बाळ हवेत लोंबकळायला लागतं. हे बाळाला अजिबात पसंत नसतं. ते भोकाड पसरतं, पाय झाडतं, आईचा पदर पकडतं.

"अगं, पदर सोडव आधी त्याच्या हातातून!" ताई म्हणतात.

"सोडतोय कुठं! लई वळवळ करतोय, ताई."

आणि काटा? तो नऊवर जातो, साडेअकरावर जातो, परत साडेनऊवर येतो. बाळाची ताई, म्हणजे मोठी बहीण, दुसरीत शिकते. ती विचारते, "आई, रडताना त्याचं वजन वाढतं का गं?"

प्रश्न झकास आहे. बाळ तेच, चड्डी तीच, मग आकडा सारखा का बदलतो?

गंमत अशी, की काट्याला बाळाचं वजन कळतच नाही. त्याला कळते फक्त ओढ. आत्ता, या क्षणी, मला खाली किती जोरात ओढलं जातंय, एवढंच त्याला समजतं. त्याच्या पोटात एक स्प्रिंग असते. ओढ दुप्पट झाली की स्प्रिंग दुप्पट ताणली जाते. हा नियम रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला. पण दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून त्याने १६७६ साली तो आधी कोड्यात छापला, एका लॅटिन वाक्याची सगळी अक्षरं सुटी करून, ओळीने मांडून. उत्तर सांगितलं दोन वर्षांनी, १६७८ मध्ये. वाक्य साधं होतं, 'जसा ताण, तशी ओढ'. वर्गात उत्तर झाकून ठेवणारा एखादा मुलगा असतो ना, त्यातलाच हा हूक.

बाळ शांत लोंबकळत असेल, तर ओढ त्याच्या वजनाएवढीच असते. पण त्याने पाय झटकन वर घेतले, की ते पाय वर खेचण्यासाठी त्याच्या अंगाला खाली रेटा बसतो, आणि तो रेटा जातो स्प्रिंगला. काट्याला वाटतं, बाळ जड झालं! पाय खाली झाडले की उलटं. क्षणभर बाळ हलकं! शिवाय एकदा हिसका बसला की स्प्रिंग स्वतःच थोडा वेळ वरखाली नाचत राहते. म्हणजे बाळ थांबलं तरी काट्याचा नाच चालूच. आणि आईचा पदर? पदराला लटकलेल्या बाळाचं थोडं वजन आई पेलत असते, म्हणून काटा कमी दाखवतो. कुणाच्या पायाचा अंगठा जमिनीला टेकला, तरी तेच.

रडण्याने मात्र वजन वाढत नाही. चार थेंब अश्रूंनी उलट केसभर कमीच होईल. शू केली तर जरा जास्तच कमी होईल, पण त्यावर फार बोलायला नको, ताईंची साडी नुकतीच धुतलेली आहे.

तुम्ही म्हणाल, अर्धा किलो इकडे-तिकडे झालं तर बिघडलं काय? कांद्याच्या गोणीत बिघडत नाही, बाळाच्या बाबतीत बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जगभरच्या बाळांच्या वाढीचे तक्ते तयार केले. त्यासाठी सहा देशांतली बाळं मोजली होती, आणि त्यात आपल्या दिल्लीतलीही बाळं होती. त्या तक्त्यात वजनाच्या रांगेत मधोमध येणारा एक वर्षाचा मुलगा असतो ९.६ किलोचा आणि दोन वर्षांचा १२.२ किलोचा. म्हणजे बारा महिन्यांत अडीच किलोंपेक्षा थोडं जास्त. करा भागाकार. महिन्याला जेमतेम २०० ग्रॅम! मग वळवळीमुळे अर्धा किलो चुकलं, तर बाळाची अडीच महिन्यांची वाढ एका क्षणात गायब. ज्याचं वजन खरंच अडलंय, ते बाळ तक्त्यावर छान वाढताना दिसेल, आणि जे मजेत वाढतंय त्याची आई उगाच रात्रभर जागी राहील.

तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात. दर महिन्याला एक ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. एका ठिपक्यावरून फार काही कळत नाही. रेघ वर चढतेय की आडवी पडलीय, ते खरं बघायचं. पुणतांब्याच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं. तिथे गावातल्याच बायका बाळांची वजनं घ्यायला शिकल्या. त्यांतल्या कित्येकजणी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. ती वर चढणारी रेघ मात्र त्यांना बरोबर वाचता यायची.

बरं, आपलं बाळ अजून लोंबकळतंय. ताई काय करतात? त्या पाळीने एक खुळखुळा, एक लाल डबी आणि शेवटी स्वतःच्या बांगड्या वाजवतात. बाळ अवाक होऊन बघत राहतं. तेवढ्या दोन-तीन क्षणांत काट्याचा नाच लहान होतो. ताई मान खाली घालून डोळे काट्याच्या समोर आणतात, कारण तिरकं पाहिलं तर आकडा सरकल्यासारखा वाटतो. काटा दहा किलो दोनशेच्या जरा खाली, जरा वर, जरा खाली. त्यातला मधला आकडा त्या धरतात. बाळ हलकं होतं तेव्हाची घट आणि जड होतं तेव्हाची वाढ एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मधे उरतं खरं वजन.

आता बऱ्याच ठिकाणी सपाट, आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आलाय. त्यात गोल स्प्रिंग नसते. धातूचा एक तुकडा भाराने इतका थोडा वाकतो, की डोळ्यांना दिसतही नाही. त्यावर चिकटवलेली केसासारखी बारीक तार ताणली जाते, ताणली की तिच्यातून वीज जरा कष्टाने वाहते, आणि यंत्र त्यावरून भार ओळखतं. हा काटा एका सेकंदात कितीतरी वेळा आकडा घेतो, त्यांची सरासरी काढतो, आणि आकडे एकमेकांशी जुळायला लागले की तोच आकडा धरून ठेवतो. म्हणजे ताईंनी डोळ्यांनी केलं तेच, फक्त भराभर. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली निदान गप्प तरी उभी राहते! पण रेल्वेत असेही काटे आहेत, जे मालगाडी हळूहळू पुढे सरकत असतानाच तिचे डबे तोलतात. (काटा हा शब्दही काय मजेशीर आहे! बाभळीचा, घड्याळाचा, सोनाराचा आणि भूत आठवलं की अंगावर येणारा.)

बाळ सपाट काट्यावर बसायलाच तयार नसेल, तर आणखी एक युक्ती आहे. आईनेच त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं. दोघांचं मिळून ६४.५ किलो, एकट्या आईचं ५४.३, म्हणजे बाळ १०.२. चांगल्या काट्यावर ही वजाबाकीही करावी लागत नाही. आई उभी राहिली की बटण दाबायचं, काटा तिला चक्क शून्य समजतो, मग बाळ तिच्या हातात द्यायचं. कडेवर बाळ शांत होतं हे तर खरंच, पण त्याने आईला ढकललं, चिमटा काढला, नाक ओढलं, तरी तो त्या दोघांमधला घरचा मामला. दोघं मिळून वरखाली उसळत नाहीत तोवर काट्याला त्याची खबर लागत नाही.

इथवर आपण बाळाच्या हलण्याला फार बोल लावले. आता अशा एका जागी जाऊ, जिथे हलल्याशिवाय वजनच करता येत नाही.

अंतराळस्थानकात काट्यावर उभं राहिलात तर आकडा येईल शून्य. तिथे माणूस आणि काटा दोघंही पृथ्वीभोवती एकत्रच पडत असतात, मग कोण कुणाला दाबणार? पण अंतराळवीर बारीक होतोय का, हे डॉक्टरांना कळायला तर हवं. म्हणून १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या स्थानकात स्प्रिंग लावलेली एक खुर्ची नेली. अंतराळवीराने तिच्यात बसायचं, स्वतःला घट्ट बांधून घ्यायचं आणि खुर्चीला मागेपुढे झुलू द्यायचं. जड माणूस सावकाश झुलतो, हलका माणूस भराभर. एका हेलकाव्याला किती वेळ लागला ते मोजायचं, आणि त्यावरून माणूस किती किलोंचा ते काढायचं.

अशी खुर्ची तुमच्याही घरी असू शकेल. स्प्रिंगला टांगलेला पाळणा! बाळ त्यात वरखाली डुलतं ना, तेच ते. बाळ वाढेल तसा पाळणा सावकाश डुलायला लागतो. एका वेळच्या वरखालीला साधारण एक सेकंद लागत असेल तर आज पन्नास वेळा मोजा आणि वेळ लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात फरक सापडायचा नाही, २०० ग्रॅमनी तो फारच चिमुकला पडतो. सहा महिने थांबा. बाळ किलोभर वाढलं असेल, आणि पन्नास डुलण्यांना एक-दोन सेकंद जास्त लागतील. साडीच्या झोळीत मात्र हे जमणार नाही. झोळी आडवी झुलते, आणि आडव्या झोक्याला आत कोण आहे याची फिकीर नसते. त्यात बाळ असो की बटाट्यांची पिशवी, वेळ जवळजवळ तेवढाच. (हे दोन्ही करून बघायचं असेल तर बटाटे आणि जाड रबर घ्या. बाळाला रबराला टांगलंत तर आजी तुम्हाला टांगेल.)

तिकडे अंगणवाडीत ताईंनी वहीत लिहिलं, १० किलो २०० ग्रॅम. मागच्या महिन्यापेक्षा २०० जास्त. ठिपका हिरव्या पट्ट्यात, रेघ वर. आईने बाळाला खांद्यावर घेतलं, बहिणीने चपला शोधल्या आणि तिघं घराकडे निघाले. देवळाच्या वळणापर्यंत पोचले नाहीत, तोच बाळ झोपलं. मान टाकलेली, हात लोंबकळतायत, बोटसुद्धा हलत नाही.

"आई," बहीण म्हणाली, "आता परत जाऊ या का?"